लाईट आली की व्हीएम नेटवर्कवरून गायब होतं? बंद-चालू करण्याआधी हे बघा

"सर, लाईट येऊन दहा मिनिटं झाली. पोरं पेपरला बसायलेत अन् सर्व्हर काही उघडंना."

लातूरच्या एका क्लासेसमधून हा फोन मला एप्रिल आणि मे मिळून सहा-सात वेळा आला. सीईटी संगणकावर असते, म्हणून सराव पेपरही संगणकावरच होतात. लॅबमध्ये चाळीस मशीन आहेत आणि मागच्या खोलीत सर्व्हर. तो सर्व्हर म्हणजे एक व्हीएम, एका खऱ्या मशीनच्या आत सॉफ्टवेअरने चालवलेलं वेगळं मशीन. फोन करणारे तिथले शिपाई मामा. दरवेळी आमचं बोलणं ठरलेलं. "मामा, डब्यावरची हिरवी लाईट लागलीय का?" "लागलीय की." "मग बंद करा, दोन मिनिटं थांबा, परत चालू करा."

बहुतेक वेळा तेवढ्याने काम व्हायचं. पोरांचा पेपर सुरू व्हायचा, मी दुसऱ्या कामाला लागायचो. पुढच्या आठवड्यात वळवाचा पाऊस यायचा, वारं सुटायचं, कुठेतरी तार तुटायची आणि तोच फोन परत. दोन महिने हे चाललं, आणि ते लांबायला माझा तो सल्लाच कारणीभूत होता. रिस्टार्ट केलं की एआरपीच्या नोंदी (कोणता आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, कोणत्या मशीनकडे आहे त्याच्या) जातात, त्या घडीला कोण कुणाच्या आयपीवर बसलं होतं ते पुसलं जातं. मग कारण सापडत नाही आणि दुखणं तसंच राहतं. म्हणून लाईट आल्यावर व्हीएम दिसत नसेल तर आधी पाच मिनिटं बघायचं, मग हात लावायचा. काय बघायचं ते खाली लिहितो. कमांड इथे देवनागरीत दिल्या आहेत, टाइप करताना इंग्रजी अक्षरं वापरा.

मांडणी अशी होती

एक टॉवर मशीन, ६४ जीबी रॅम, त्यावर व्हीएम चालवणारं प्रॉक्समॉक्स व्हीई ८. या मूळ मशीनला होस्ट म्हणतात. आत पाच व्हीएम: परीक्षेचा वेब सर्व्हर उबंटू २२.०४ वर, मारियाडीबीचा डेटाबेस वेगळा, फाइल सर्व्हर, टॅलीसाठी विंडोज, आणि नवीन गोष्टी करून बघायला एक. पाचही व्हीएमबीआर० या ब्रिजवर. ब्रिज म्हणजे सॉफ्टवेअरमधला स्विच. व्हीएमचं नेटवर्क कार्ड त्याला जोडलं की त्याचा मॅक अ‍ॅड्रेस, म्हणजे कार्डाचा ओळख क्रमांक, थेट तारेवर दिसतो. राऊटरच्या नजरेत ती पाच व्हीएम म्हणजे पाच वेगळी मशीन, एका डब्यात असली तरी. हे डोक्यात पक्कं बसवा, कारण पुढचा सगळा घोळ याच्यातून आहे. राऊटर इंटरनेट देणाऱ्याने बसवलेला साधा, आणि आयपी वाटायचं कामही त्याच्याकडेच. परीक्षेच्या सर्व्हरला मी १९२.१६८.१.५० हा आयपी व्हीएमच्या आत हाताने दिला होता.

आधी कन्सोल

प्रॉक्समॉक्सच्या वेब पानावर व्हीएम निवडून कन्सोल, म्हणजे त्या व्हीएमचा पडदा, उघडा. कन्सोल होस्टमार्फत चालतो, व्हीएमच्या नेटवर्कवर अवलंबून नसतो. तिथे लॉगिनची ओळ दिसली म्हणजे व्हीएम जिवंत आहे आणि भानगड नेटवर्कची आहे. कन्सोलमध्ये डिस्क तपासणी चालू असेल किंवा व्हीएम सुरूच झालं नसेल तर नेटवर्कच्या मागे लागू नका. सुरूच झालं नसेल तर ऑप्शन्समध्ये "स्टार्ट अ‍ॅट बूट" बघा. नवीन व्हीएमला ते आपोआप लागलेलं नसतं, आणि महिनाभर होस्ट बंदच झाला नाही तर कुणाच्या लक्षातही येत नाही.

होस्टचं वेब पानच उघडत नसेल तर प्रश्न वेगळा. त्याचं पुढे येईल.

कन्सोलमध्ये "आयपी ए" टाका. आयपी दिसतोय का, आणि तो आपलाच आहे का. विंडोजमध्ये "आयपीकॉन्फिग". १६९.२५४ ने सुरू होणारा आयपी दिसला तर त्याचा अर्थ एकच: मशीनने आयपी मागितला, कुणी दिला नाही, म्हणून त्याने स्वतःच एक घेतला. म्हणजे एकतर राऊटर अजून उठला नव्हता किंवा तार, स्विच, ब्रिज यांपैकी काहीतरी तुटलंय.

माझ्या बाबतीत मात्र यातलं काहीच नव्हतं. व्हीएम जिवंत, आयपी ५०, सगळं जागच्या जागी. आणि लॅबमधून पान उघडत नव्हतं.

पिंग चालतंय, पान नाही

मेच्या दुसऱ्या आठवड्यात फोन आला तेव्हा मी गावातच होतो. "मामा, कशालाच हात लावू नका, येतोय," म्हणालो आणि गाडीवर पोचलो. लॅबमधल्या पहिल्या मशीनवरून सर्व्हरला पिंग केलं, म्हणजे तो उत्तर देतो का ते बघितलं. उत्तर येत होतं. पान उघडेना, पण पिंगला उत्तर! याआधी मामांनी फोनवर "पिंग होतंय सर" असं सांगितलं होतं आणि त्यावरून मी वेब सर्व्हरला दोष देऊन मोकळा झालो होतो.

या वेळी मी आकडे बघितले. तारेने जोडलेल्या मशीनवरून तारेनेच जोडलेल्या सर्व्हरला पिंग केलं की एक मिलिसेकंदाच्या आत उत्तर येतं, रोज येतं. त्या दिवशी पडद्यावर ३८, ११२, ९, ७४ असे आकडे उड्या मारत होते. तारेवर असं होत नाही. असं वागतो तो वायफायवरचा मोबाईल, जो बॅटरी वाचवायला मधूनमधून झोपतो.

लगेच त्याच मशीनवर कमांड प्रॉम्प्टमध्ये "एआरपी -ए" टाकलं. ही कमांड आपल्या मशीनच्या समजुतीप्रमाणे कोणता आयपी कोणत्या मॅककडे आहे ती यादी दाखवते. ५० समोर जो मॅक होता तो प्रॉक्समॉक्समध्ये व्हीएमच्या हार्डवेअर पानावर लिहिलेल्या मॅकशी जुळत नव्हता.

मॅकची सुरुवात ओळखता आली की निम्मं काम होतं. प्रॉक्समॉक्सच्या ८.१ पासूनच्या आवृत्त्या नव्या व्हीएमला बीसी:२४:११ ने सुरू होणारा मॅक देतात. व्हीएम चालवणाऱ्या इतर सॉफ्टवेअरपैकी व्हर्च्युअलबॉक्स ०८:००:२७ देतं. लिबव्हर्टवर चालणाऱ्या केव्हीएमला ५२:५४:००. व्हीएमवेअरचे ००:०सी:२९ आणि ००:५०:५६, तर हायपर-व्हीचा ००:१५:५डी. पडद्यावरचा मॅक यातला कुठलाच नव्हता, आणि त्यातलं दुसरं अक्षर ई होतं. मॅकमधलं दुसरं अक्षर २, ६, ए किंवा ई असेल तर तो कारखान्यातून आलेला नसतो, सॉफ्टवेअरने बनवलेला असतो. लिबव्हर्टचा ५२ त्याच नियमातला. अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून मोबाईल वायफायवर असाच बनवलेला खासगी मॅक वापरतात. सर्व्हरच्या आयपीवर कुणाचा तरी मोबाईल बसला होता.

स्टाफरूममध्ये विचारत गेलो. गणिताच्या सरांनी आठवड्यापूर्वी नवा मोबाईल घेतला होता. वायफायच्या सेटिंगमध्ये आयपी बघितला: १९२.१६८.१.५०. त्यांनी वायफाय बंद केलं आणि मिनिटाभरात लॅबमध्ये पेपर उघडला.

मग दरवेळी का होत नव्हतं

एआरपीचा नियम १९८२ चा आहे, आरएफसी ८२६. "हा आयपी कुणाचा?" असं कुणीतरी ओरडतं, जो उत्तर देतो त्याच्यावर विश्वास ठेवला जातो. खरं-खोटं तपासायची सोय त्यात नाही. दोघांनी उत्तर दिलं तर ज्याचं शेवटी पोचलं तो त्या घडीचा मालक. नोंद थोड्याच वेळात शिळी होते आणि परत विचारणा होते. म्हणून लॅबमध्ये काही मशीनवर पान उघडायचं, शेजारच्यावर नाही, आणि पाच मिनिटांनी उलटं. आयपी लावताना विंडोज एकदा विचारून बघतं आणि भांडण दिसलं तर सूचना देतं. उबंटू सर्व्हर हाताने दिलेला आयपी सहसा गुपचूप लावून मोकळा होतो, म्हणून व्हीएमच्या लॉगमध्ये मला कधी काही सापडलं नाही.

पण सरांचा मोबाईल आठवड्याचा आणि तक्रार दोन महिन्यांची. याआधी दुसरे कुणीतरी असणार. आणि लाईट तर रोज जात होती, मग रोज का नाही?

इथे मामांच्या वहीने काम केलं. इन्व्हर्टरच्या पाण्याची नोंद ठेवायला त्यांच्याकडे एक वही असते, त्यात ते लाईट गेल्याची आणि आल्याची वेळसुद्धा लिहितात. मी सांगितलं नव्हतं, त्यांची सवय. ती पानं घेऊन बसलो आणि माझ्या मोबाईलमधल्या त्यांच्या फोनच्या वेळा शेजारी ठेवल्या. दहा-पंधरा मिनिटांसाठी लाईट गेली त्या दिवशी एकही फोन नव्हता. सगळे फोन अर्ध्या तासाच्या वर लाईट गेली त्याच दिवसांचे.

सर्व्हरच्या यूपीएसची बॅटरी वीसेक मिनिटं टिकायची. राऊटर यूपीएसवर नव्हताच.

लाईट थोडा वेळ गेली तर फक्त राऊटर बंद पडायचा. तो परत आला तेव्हा सर्व्हर जागा असायचा. बरेच राऊटर एखादा आयपी वाटण्याआधी त्यावर कुणी आहे का ते विचारून बघतात, सर्व्हर "मी आहे" म्हणायचा आणि ५० सुरक्षित राहायचा. लाईट जास्त वेळ गेली की दोघंही बंद. लाईट आली की राऊटर मिनिटाभरात तयार, वाटलेल्या आयपींची त्याची यादी रॅममध्ये होती म्हणून कोरी झालेली. स्टाफचे मोबाईल लगेच आयपी मागायला रांगेत. सर्व्हरला उठायला मात्र चार-पाच मिनिटं. आधी होस्ट, मग एकेक व्हीएम. त्या चार मिनिटांत राऊटरने "५० वर कुणी आहे का?" विचारलं तर उत्तर द्यायला कुणीच नव्हतं. त्याने तो मोकळा धरला आणि देऊन टाकला. कधी या मोबाईलला, कधी त्या, कधी कुणालाच नाही. राऊटरवर वाटपाची हद्द २ पासून २५४ पर्यंत होती, बसवणाऱ्याने सोडली तशीच. मी हाताने दिलेला ५० त्या हद्दीच्या पोटात.

रिस्टार्टने बरं का वाटायचं तेही यात आहे. सर्व्हर बंद-चालू होईपर्यंत मोबाईलवाला जेवायला बाहेर गेलेला असायचा, किंवा व्हीएम उठताना त्याने स्वतःची जाहिरात केली की लॅबची मशीन त्याच्याकडे वळायची.

यावर उपाय दोन मिनिटांचा आहे. राऊटरच्या डीएचसीपी (आपोआप आयपी वाटायच्या) पानावर वाटपाची हद्द १०० ते २२० केली. १०० च्या खालचे आयपी सर्व्हर, प्रिंटर आणि कॅमेऱ्यांसाठी. कुणाला कोणता दिला ते एका कागदावर मॅकसकट लिहून रॅकच्या दाराला आतून चिकटवलं. हाताने दिलेला आयपी वाटपाच्या हद्दीत कधीच नसावा, एवढं पाळलं तरी अर्ध्या तक्रारी जन्माला येत नाहीत.

काही जण म्हणतील की व्हीएमला आयपी हाताने देऊच नका, राऊटरवर मॅक लिहून राखून ठेवा. लॅबच्या मशीनसाठी मीही तसंच करतो. सर्व्हरसाठी नाही करत, कारण आपल्याकडे राऊटर आणि सर्व्हर एकाच वेळी मरतात आणि एकाच वेळी उठतात. डेटाबेसच्या व्हीएमवर मला याचा फटका बसलाय. मारियाडीबीला ठरावीक आयपीवरच ऐकायला सांगितलं होतं, तो आयपी राऊटरकडून यायचा होता, राऊटर उशिरा उठला आणि मारियाडीबी "हा आयपी माझ्याकडे नाही" म्हणून सुरू व्हायच्या आधीच थांबलं. अर्ध्या मिनिटाने आयपी आला, पण तोवर सेवा पडलेली. नेटवर्क बघितलं तर सगळं छान, डेटाबेस मात्र बंद. अशी लक्षणं असतील तर "सिस्टमसीटीएल --फेल्ड" टाकून बघा, कोणती सेवा पडली ते दिसेल.

दुखणं परत आलं, पण वेगळं

जूनमध्ये जुना राऊटर काढून ओपनडब्ल्यूआरटी ही राऊटरची प्रणाली चालणारा बसवला. त्यात आयपी वाटायचं काम डीएनएसमास्क करतं. आठवडाभर शांतता. मग दुसऱ्या बॅचसाठी परीक्षेच्या सर्व्हरवरून क्लोन, म्हणजे हुबेहूब प्रत, करून आणखी एक व्हीएम काढलं. चाचणीपुरतं म्हणून मूळ आणि क्लोन दोन्हीला डीएचसीपीवर ठेवलं. मॅक वेगळे, नावं वेगळी. लाईट जाऊन आली आणि दोन्हीला एकच आयपी: ११२.

राऊटर बदलला म्हणून झालं असं सगळ्यांनी धरलं, आणि ते निम्मं खरंही होतं. उबंटू सर्व्हरमध्ये आयपी मागायचं काम सिस्टमडी-नेटवर्कडी करतं. तो मागताना मॅकसोबत स्वतःची एक ओळख पाठवतो, आणि ती ओळख ईटीसी फोल्डरमधल्या मशीन-आयडी नावाच्या फाइलवरून बनते. क्लोन केला की ही फाइल जशीच्या तशी उतरते. जुना राऊटर फक्त मॅक बघायचा, म्हणून त्याला ती दोन वेगळी मशीन वाटायची. डीएनएसमास्क पाठवलेली ओळख आधी बघतं. त्याच्या दृष्टीने एकच मशीन दोनदा आलं, म्हणून त्याने दोनदा तोच आयपी दिला. ते नियमाप्रमाणेच वागलं, चूक क्लोन करताना झाली होती.

तपासणं सोपं आहे. दोन्ही व्हीएममध्ये "कॅट /ईटीसी/मशीन-आयडी" टाकून बत्तीस अक्षरं ताडून बघा. सारखी असतील तर क्लोनमध्ये ती फाइल रिकामी करायची. उडवायची नाही, फक्त रिकामी, "ट्रंकेट -एस ०" देऊन. डीबसच्या फोल्डरमध्ये त्याच नावाची स्वतंत्र प्रत असेल तर ती काढून मूळ फाइलकडे बोट दाखवणारी लिंक ठेवा. रिस्टार्ट केलं की नवी ओळख तयार होते. इथे रिस्टार्ट खरोखर लागतो. ज्या व्हीएमवर तेवढंही जमत नाही तिथे नेटप्लॅनच्या (उबंटूच्या नेटवर्क सेटिंगच्या) फाइलमध्ये डीएचसीपी-आयडेंटिफायर समोर मॅक लिहा, म्हणजे तो मॅकनेच ओळख देईल. टेम्प्लेट (क्लोन काढायचा साचा) बनवत असाल तर टेम्प्लेटमध्ये बदलायच्या आधीच फाइल रिकामी करून व्हीएम बंद करा आणि मग परत चालू करू नका.

क्लोनमध्ये एसएसएचच्या (दुरून लॉगिन करायच्या सोयीच्या) किल्ल्याही सारख्याच उतरतात, त्याही नव्या करून घ्या. आणि नेटप्लॅनमध्ये मॅक जुळवायची ओळ असेल तर क्लोनचा मॅक नवा, फाइलमधला जुना, म्हणून त्याला आयपीच मिळत नाही. हे लगेच दिसतं, त्यामुळे यात कुणी फार अडकत नाही.

होस्टच दिसत नसेल तर

इथे मॉनिटर-कीबोर्ड जोडून होस्टसमोर बसावं लागतं. उदगीरच्या एका कृषी सेवा केंद्रात असंच झालं होतं. त्यांनी एनव्हीएमई (मदरबोर्डवर थेट बसणारी) डिस्क बसवली आणि चालू केल्यावर होस्टचं नेटवर्क गेलं. डिस्क आणि नेटवर्कचा काय संबंध? संबंध असा की नेटवर्क कार्डाचं नाव, समजा ईएनपी२एस०, यातला २ हा पीसीआय बसचा क्रमांक असतो. मदरबोर्डवर नवीन काही बसलं की क्रमांक सरकू शकतो. कार्ड ईएनपी३एस० झालं, आणि ब्रिजच्या सेटिंगमध्ये अजून २ च लिहिलेला. ब्रिज उभा राहतो, आयपीही दिसतो, पण त्याला तारच जोडलेली नाही. "आयपी लिंक" टाकून खरं नाव बघा आणि ईटीसीमधल्या नेटवर्क फोल्डरातल्या इंटरफेसेस फाइलमध्ये ब्रिज-पोर्ट्ससमोर ते लिहा. कायमचं मिटवायचं तर सिस्टमडीच्या लिंक फाइलमध्ये कार्डाचा मॅक देऊन त्याला स्वतःचं नाव द्या, मी "लॅन०" देतो. त्याच फाइलमध्ये टाइप ईथर असंही लिहा, कारण ब्रिज तोच मॅक घेतो आणि मग नाव कुणाला द्यायचं यात गोंधळ होऊ शकतो.

दुसरी गोष्ट प्रॉक्समॉक्सचीच आहे आणि फार जणांना माहीत नसते. वेब पानावरून नेटवर्कमध्ये काही बदललं की ते लगेच लागू होत नाही. बदल इंटरफेसेस.न्यू नावाच्या फाइलमध्ये पडून राहतो. "अप्लाय कॉन्फिगरेशन" दाबलं की लागू होतो, नाहीतर पुढच्या बूटला. मार्चमध्ये कुणीतरी गेटवे बदलून बघितला, पान बंद केलं, विसरून गेला. मेमध्ये लाईट गेली आणि आली, तो बदल लागू झाला, आणि सगळे म्हणतात कालपर्यंत तर चालत होतं. उलटही होतं. कन्सोलवर हाताने आयपी जोडला, नेटवर्कचा मार्ग (रूट) टाकला, काम झालं, फाइलमध्ये लिहिलं नाही. पहिल्या रिस्टार्टला सगळं गेलं. त्यामुळे काही बदललं की मी त्याच दिवशी, माणसं घरी गेल्यावर, होस्ट एकदा बंद-चालू करूनच निघतो.

होस्टवरच डॉकर (कंटेनर चालवणारं सॉफ्टवेअर) टाकलं असेल तर तेही तपासा. डॉकर फॉरवर्डची फायरवॉल साखळी "ड्रॉप"वर नेतं, आणि ब्रिजची रहदारी त्या साखळीतून जात असेल तर व्हीएमचे पॅकेट होस्टमध्येच अडतात. डॉकर लागत असेल तर एका व्हीएमच्या आत चालवा, होस्ट मोकळा ठेवा.

घड्याळ

हे नेटवर्कचं नाही, पण तसंच दिसतं. पिंग होतं, आयपी बरोबर, आणि ब्राउझर म्हणतो प्रमाणपत्र वैध नाही. होस्टवर "डेट" टाकून तारीख बघा. मदरबोर्डवरचा सीआर २०३२ सेल संपला असेल तर लाईट गेली की घड्याळ मागे जातं, व्हीएम सुरू होताना होस्टकडून तीच चुकीची वेळ घेतात. इंटरनेट आलं की वेळ सुधारते, पण इंटरनेट उशिरा आलं तर तोवर पेपरची वेळसुद्धा चुकीची. सेल बदला, आणि त्याआधी बायॉसच्या सेटिंगचे फोटो काढून ठेवा.

उठण्याचा क्रम

शेवटी मूळ मुद्दा लाईटचा. राऊटर आणि मुख्य स्विच सर्व्हरच्याच यूपीएसवर घेतले, दोघं मिळून फार वीज खात नाहीत. होस्टवर एनयूटी हे यूपीएसवर लक्ष ठेवणारं सॉफ्टवेअर टाकून यूपीएस यूएसबीने जोडला. बॅटरी उतरली की तो व्हीएम नीट बंद करतो, मग स्वतः बंद होतो. व्हीएममध्ये क्यूईएमयू गेस्ट एजंट टाकला की बंद होणं व्यवस्थित होतं, शिवाय व्हीएमचा आयपी प्रॉक्समॉक्सच्या पानावरच दिसतो, कन्सोलमध्ये शिरावं लागत नाही.

एक अडचण इथे हमखास येते. होस्ट बंद होत असतानाच लाईट आली तर यूपीएस चालूच राहतो, होस्टला वीज गेली असं कधी वाटतच नाही आणि तो बंदच पडून राहतो. बायॉसमध्ये "वीज आली की चालू व्हा" लिहिलेलं असूनही. त्यासाठी एनयूटीला सांगावं लागतं की होस्ट बंद झाल्यावर यूपीएसचं आउटपुटही तोड आणि थोड्या वेळाने परत दे. वळवाच्या दिवसांत लाईट दोन मिनिटं येते, परत जाते, म्हणून यूपीएस ऐकत असेल तर परत द्यायचा उशीर मी ३०० सेकंद ठेवतो.

प्रॉक्समॉक्समध्ये नोडच्या ऑप्शन्समध्ये व्हीएम सुरू करायच्या आधी थांबायची वेळ देता येते. तिथे ९० सेकंद. मग प्रत्येक व्हीएमच्या ऑप्शन्समध्ये क्रम: डेटाबेस १, त्यानंतर ६० सेकंद थांबा, वेब सर्व्हर २, बाकीचे नंतर.

घरी लॅपटॉपवर सराव करणाऱ्यांसाठी एवढंच. वायफायवर ब्रिज करायचा हट्ट धरू नका. अ‍ॅक्सेस पॉइंट जोडलेल्या लॅपटॉपचाच मॅक ओळखतो, आतल्या व्हीएमचा नाही, म्हणून ते कधी चालतं, कधी नाही. व्हर्च्युअलबॉक्समध्ये नॅट ठेवा, म्हणजे व्हीएम लॅपटॉपच्याच पत्त्यावरून बाहेर जातं. दोन्ही व्हीएमला १०.०.२.१५ दिसला तर घाबरू नका, साध्या नॅटमध्ये प्रत्येकाचं जग वेगळं असतं. व्हीएमनी एकमेकांना बघायला हवं असेल तर "नॅट नेटवर्क" निवडा.

जूनच्या शेवटच्या रविवारी क्लासेस बंद असताना मामांना घेऊन मेन स्विच पाडला. बॅटरी उतरू दिली, होस्ट नीट बंद झाला. अजून दहा मिनिटं थांबून स्विच वर केला. मामांनी वहीत वेळा लिहिल्या. नऊ मिनिटांनी चाळीसही मशीनवर पेपरचं पान उघडलं, "एआरपी -ए" मध्ये ५० समोर बीसी:२४:११ होता. फक्त टॅलीचं विंडोज लॅबमधून दिसत नव्हतं. राऊटर बदलल्यामुळे विंडोजने हे नवीन नेटवर्क धरलं होतं आणि "पब्लिक" केलं होतं, म्हणून शेअरिंग आणि पिंग दोन्ही बंद. सेटिंगमध्ये "प्रायव्हेट" केलं, परत एकदा स्विच पाडला, परत वर केला. या वेळी तेही आलं.